पट्टी खाली घ्या, पण गात राहा

२०२४च्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनहून रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा उत्तर अमेरिकेचा दौरा सुरू झाला, तेव्हा गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स दोघांनीही वयाची ऐंशी वर्षं पूर्ण केली होती. १९८१च्या दौऱ्याला एका अत्तराच्या कंपनीनं पैसा पुरवला होता. या वेळी प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशीपुढच्या अमेरिकनांसाठी काम करणारी संस्था. यावर व्हायची ती थट्टा झाली. काठ्या, कवळ्या, श्रवणयंत्रं, सगळं त्या थट्टेत येऊन गेलं. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, कारण तिच्यामागे एक पक्की समजूत बसलेली आहे. रॉक हे पोरासोरांचं काम. पन्नाशीनंतर ते करत राहणं शोभत नाही आणि सत्तरी-ऐंशीत करणं म्हणजे एक तर पैशाचा लोभ, नाही तर आपण संपलो हे न कळणं.

ही समजूत चुकीची आहे, एवढंच म्हणून मी थांबणार नाही. म्हाताऱ्या बँडांनी गावं, वाजवावं आणि मुख्य म्हणजे नवं ध्वनिमुद्रण करावं, असं मला मनापासून वाटतं. पण एका अटीवर. त्यांनी आज जो आवाज आहे त्या आवाजात गावं. पंचवीस वर्षांच्या स्वतःची नक्कल करून दाखवायला मंचावर येऊ नये.

स्टोन्स भारतात पहिल्यांदा आले ते एप्रिल २००३मध्ये. ४ तारखेला बंगळूर, ७ तारखेला मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. जॅगर तेव्हा साठीलाही पोचला नव्हता. ब्रेबॉर्नवर माझ्या आसपासच्या गर्दीत एकच बोलणं चाललं होतं: आता काय ते बघून घ्या, हे लोक किती दिवस टिकणार! त्यानंतर २००५मध्ये त्यांचा नव्या गाण्यांचा अल्बम आला. २००६मध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर त्यांनी लाखोंच्या जमावापुढे फुकट कार्यक्रम केला. मार्च २०१६मध्ये ते हवानात वाजवत होते आणि त्याच वर्षअखेर त्यांनी ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातल्या जुन्या गाण्यांचा एक अल्बम काढला. एप्रिल २०१९मध्ये जॅगरच्या हृदयाची झडप बदलली आणि जूनमध्ये तो शिकागोत पुन्हा मंचावर धावत होता. ऑगस्ट २०२१मध्ये ड्रमर चार्ली वॉट्स ऐंशीव्या वर्षी गेला, तेव्हा आता खरोखरच संपलं असं मलाही वाटलं होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये नवा अल्बम आला. ‘हे संपले’ असा निकाल बाहेरच्यांनी देण्यात फारसा अर्थ नाही, हे या वीस वर्षांनी पुरेसं दाखवून दिलं आहे.

मुळात रॉकला ही वयाची अट चिकटली कुठून? ज्या पोरांनी १९६२मध्ये लंडनमध्ये हा बँड काढला, त्यांनी नाव घेतलं अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या गाण्यातून. मडी वॉटर्स तेव्हा पन्नाशीला टेकला होता. १९६५मध्ये अमेरिकेतल्या तरुणांच्या एका टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा या पोरांनी हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकालाही कार्यक्रमात आणवलं. चोपन्न वर्षांचा तो धिप्पाड माणूस गायला उभा राहिला आणि ही सगळी पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. जॉन ली हूकरच्या ज्या अल्बमनं त्याला पुन्हा जगभर पोचवलं, तो १९८९चा, म्हणजे त्यानं सत्तरी ओलांडल्यानंतरचा. ज्या ब्लूजच्या पोटातून रॉक जन्माला आलं, तिथे म्हातारपण ही अडचण नव्हतीच. उलट, वय हा गायकाच्या बोलण्याला मिळालेला दाखला होता. वयाची अट घातली ती साठच्या दशकातल्या बाजारानं. तेव्हा रेकॉर्ड विकत घेणारी गिऱ्हाइकं पंधरा ते पंचविशीतली होती आणि त्यांना त्यांच्याच वयाचे चेहरे दाखवायचे होते. त्या गिऱ्हाइकांचं वय वाढलं, तरी कल्पना आहे तिथेच राहिली.

आता अडचण कुठे आहे ते बोलू. अडचण खरी आहे. पण ती वयात नाही, ती रेकॉर्डमध्ये आहे.

आपल्याकडचा श्रोता हे चटकन ओळखेल. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात उतारवयातल्या भीमसेनजींना ऐकायला लोक रात्र रात्र बसत. गंगूबाई हनगल नव्वदीत पोचल्यावरही गायल्या. आवाजाचा पल्ला आखडला आहे, दम पूर्वीसारखा पुरत नाही, हे समोरच्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण ख्यालात बंदिशीची कुठलीही एक आवृत्ती ‘खरी’ नसते. पट्टी कोणती, लय किती, कुठली जागा घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची, हे गायक त्या दिवशी, त्या बैठकीत ठरवतो. म्हणून त्याचं वय गाण्यात सामावून जातं. तान कमी झाली तर आलाप वाढतो, आणि ऐकणाऱ्याला काही हिरावल्यासारखं वाटत नाही.

रॉकचं तसं नाही. रॉकचं गाणं स्टुडिओत एकदा कोरलं गेलं की तीच त्याची प्रमाण प्रत होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी कुणा चोविशीच्या पोरानं जो सूर लावला, तोच सूर, त्याच लयीत, त्याच ठिकाणी लोकांना हवा असतो. श्रोत्यांनी ती रेकॉर्ड हजार वेळा ऐकलेली असते, तिच्यातला श्वाससुद्धा त्यांना पाठ असतो. म्हाताऱ्या बँडची स्पर्धा तरुण बँडशी नसते. ती स्वतःच्याच त्या तबकडीशी असते आणि तबकडी म्हातारी होत नाही.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७०च्या अल्बममधलं ‘चाइल्ड इन टाइम’ ज्यांनी ऐकलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. दहा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला ऑर्गनच्या सुरांवर गायक इयन गिलन जवळजवळ पुटपुटतो, मग शब्द संपतात आणि तो नुसत्या स्वरांवर पायरी पायरीनं वर चढत शेवटी किंकाळीपर्यंत पोचतो. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्या वरच्या सुरांना जी ताकद लागते ती साठीत कुणाच्याही गळ्यात नसते. स्वरतंतूंची लवचीकता जाते, छातीचा भाता आखडतो, रियाजानं हे लांबवता येतं पण टाळता येत नाही. २००२नंतर बँडनं हे गाणं मंचावर घेतलेलं नाही. लोक मागतात, तरी घेत नाहीत. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. कारण गाणं चालू ठेवायच्या सोप्या वाटा त्यांच्यासमोर होत्या: आडोशाला एखादा तरुण गायक उभा करायचा, किंवा आधी मुद्रित केलेला आवाज मिसळून द्यायचा. त्यांनी गाणंच खाली ठेवलं आणि दुसरी गाणी हातात घेतली. इयन पेस हा या बँडच्या प्रत्येक संचात असलेला एकमेव माणूस. २०१६मध्ये त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला, तो पुन्हा ड्रम्सवर बसला. २०२४मध्ये सायमन मॅकब्राइड या नव्या गिटारवादकाला घेऊन बँडनं नवा अल्बम केला. गिलन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्या अल्बममध्ये तो त्याच्या आजच्या गळ्याला झेपेल असंच गातो.

पट्टी खाली घेणं हाही असाच एक सरळ उपाय. गिटारी अर्ध्या किंवा पूर्ण सुरानं उतरवून लावायच्या, की सगळं गाणं गळ्याच्या आवाक्यात येतं. कित्येक जुने बँड हे करतात आणि त्यावर यूट्यूबखाली मूळ पट्टीशी तुलना करून हिशेब मांडणारे लोक तुटून पडतात. का, ते मला समजत नाही. आपल्याकडे काळी चारमध्ये गाणारा गायक उतारवयात काळी दोनवर आला तर त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. शिवाय पट्टी उतरवली की गाणं थोडं गडद होतं, त्यातला उतावीळपणा जातो. काही गाण्यांना ते मानवतं, काहींना नाही. मानवत नसेल तर ते सोडून द्यावं.

या सगळ्यात सर्वांत पुढे गेला आहे तो अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन. तो बँड नव्हे, पण आपल्या बँडला घेऊन १९८८पासून जवळपास अखंड दौऱ्यावर आहे. करोनानं मध्ये खंड पाडला तेवढाच. त्याची जुनी गाणी तो अशी बदलून टाकतो की अर्धं कडवं होईपर्यंत कोणतं गाणं चाललंय ते कळत नाही. त्याचा आवाज तर केव्हाच खरखरीत झाला आहे. गिटार बाजूला ठेवून तो बहुतेक वेळ पियानोवर असतो. २०२०मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यानं नवा अल्बम काढला आणि २०२१च्या अखेरीपासूनचे पुढचे दौरे बहुतांशी त्याच अल्बमभोवती बांधले. फोन पिशवीत बंद करून घेऊन लोकांना आत सोडलं आणि त्यांना अपेक्षित असलेली प्रसिद्ध गाणी बहुतेक वगळली. पैसे वाया गेले अशी ओरड करणारे भेटतात. मला मात्र तो लोकांशी सर्वांत प्रामाणिक वागणारा कलावंत वाटतो. मी आज हा असा आहे, हे माझं आजचं गाणं आहे, ऐकायचं तर ऐका.

स्टोन्सच्या २०२३च्या अल्बमकडे मी याच नजरेनं पाहतो. ‘हॅकनी डायमंड्स’ हा त्यांचा अठरा वर्षांनंतरचा नव्या गाण्यांचा पहिला अल्बम. निर्माता अँड्र्यू वॉट, जो त्यांच्या नातवाच्या वयाचा म्हणता येईल असा. वर्षानुवर्षं अर्धवट पडलेली गाणी मार्गी लावायला जॅगरनं स्वतःच मुदत घातली आणि पुढच्या काही आठवड्यांत काम उरकलं. चार्ली वॉट्सनं जाण्यापूर्वी वाजवून ठेवलेली दोन गाणी त्यात आहेत. त्यांपैकी एकात, कित्येक वर्षांपूर्वी बँड सोडलेला बिल वायमन बेस वाजवायला परत आला. अल्बमला पुढे ग्रॅमीही मिळालं. तरी स्पष्ट सांगायचं तर त्यातली बरीचशी गाणी मला जास्त घासूनपुसून काढलेली वाटतात. जॅगरचा आवाज इतका लखलखीत ठेवला आहे की तो कुठल्या वयाचा आहे ते कळूच नये असा कुणाचा तरी हट्ट होता की काय, असं वाटतं. आणि मग शेवटचं गाणं येतं. फक्त दोघं, जॅगर हार्मोनिका घेऊन आणि रिचर्ड्स गिटार घेऊन. गाणं मडी वॉटर्सचं, ज्यावरून बँडचं नाव पडलं तेच. साठ वर्षांत त्यांनी ते कधी मुद्रित केलं नव्हतं. ते त्यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर केलं आणि तिथे ना ड्रम्स आहेत ना चमक. तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज ऐकू येतो. विशीत त्यांनी हे गाणं मुद्रित केलं असतं, तर ती गुरूची नक्कल झाली असती.

रिचर्ड्सच्या हातांकडे नीट पाहावं. बोटांचे सांधे सुजून गाठाळ झालेले फोटोत स्पष्ट दिसतात. संधिवातानं त्याचं वाजवणं बदललं आहे हे त्यानं स्वतः सांगितलं, आणि एखादी गोष्ट जमेनाशी झाली की गिटारच दुसरी वाट दाखवते, अशा अर्थाचंही तो बोलला. त्याची वाजवायची पद्धत मुळातच काटकसरीची. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तो अनेक गाण्यांसाठी गिटारची सर्वांत जाड, सहावी तार काढूनच टाकतो. उरलेल्या पाच तारा अशा लावतो, की बोट न ठेवता नुसत्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र उमटणाऱ्या सुरांचा मेळ, वाजावी. मग एक बोट आडवं टेकवलं की दुसरी कॉर्ड, आणखी दोन बोटं टेकवली की तिसरी. बाकी सगळं उजव्या हाताच्या लयीत आणि मधल्या शांततेत. तरुणपणी त्यानं वेगाच्या मागे लागण्याऐवजी हे शोधून ठेवलं, ते आता कामी येतं. विशीतला कुठलाही चपळ गिटारवादक या सगळ्या कॉर्ड पाच मिनिटांत शिकतो. ती लय मात्र त्याला येत नाही.

आणि नवं लिहिण्याबद्दल माझा आग्रह का, तेही सांगतो. रॉकचं वय जेमतेम सत्तर वर्षांचं. म्हणजे या संगीतात म्हातारी होणारी ही पहिलीच पिढी. प्रेम, बंड, रस्ता, रात्र, नशा यांवर रॉकनं भरभरून लिहिलं. पण जोडीदार गेल्यावरचं घर, साठ वर्षांच्या मैत्रीतलं उरलेलं भांडण, शरीरानं रोज थोडी थोडी सोडत आणलेली साथ, यांवर लिहिणारे कुणी नव्हतेच, कारण लिहिणारे त्या वयाचे झालेले नव्हते. आता झाले आहेत. अमेरिकन गायक जॉनी कॅशनं १९९४पासून २००३मध्ये मरेपर्यंत जे ध्वनिमुद्रण केलं, त्यात शेवटी शेवटी आवाज तुटलेला आहे, दम पुरत नाही आणि त्यानं ते लपवलेलं नाही. ऐकताना अंगावर काटा येतो. रॉकच्या बँडांनी आता हे करायला हवं. नेमक्या याच वेळी त्यांना ‘पुरे करा’ म्हणायचं, तर या संगीताला उत्तरार्धच मिळणार नाही.

इथपर्यंत मी त्यांची बाजू घेतली. आता ज्या गोष्टी थांबायलाच हव्यात त्यांच्याकडे येतो.

पहिली, निरोपाचा धंदा. द हू या बँडनं १९८२मध्ये निरोपाचा दौरा केला आणि १९८९मध्ये ते पुन्हा दौऱ्यावर होते. किस या बँडचा निरोपाचा दौरा २०००मध्ये सुरू झाला. मग २०१९पासून २०२३पर्यंत दुसरा. स्कॉर्पियन्सनी २०१०मध्ये निरोप घेतला होता, ते अजून वाजवत आहेत. मन बदलू शकतं, मी ते समजू शकतो. पण ‘पुन्हा दिसणार नाही’ या भीतीवर महागडं तिकीट खपवायचं आणि मग पुन्हा दिसायचं, हे ज्यानं महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून तिकीट घेतलं त्याच्याशी केलेलं खोटं वागणं आहे. थांबायचं नसेल तर थांबतो म्हणू नये, इतकं साधं आहे.

दुसरी गोष्ट मला याहून वाईट वाटते. २ डिसेंबर २०२३ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये किसचा शेवटचा कार्यक्रम संपला आणि लगेच पडद्यावर त्यांच्या संगणकीय प्रतिमा अवतरल्या. यापुढे बँड या रूपात अमर राहील, असं सांगण्यात आलं. लंडनमध्ये २०२२पासून स्वीडनच्या ॲबा या पॉप गटाच्या तरुण प्रतिमा अशाच मंचावर येतात. ॲबाच्या प्रयोगात निदान खरे वादक समोर वाजवत असतात आणि त्याआधी त्या चौघांनी चाळीस वर्षांनी नवा अल्बमही केला होता, म्हणून तिथे माझा राग थोडा कमी आहे. पण कल्पना तीच: माणूस म्हातारा झाला, मग त्याला बाजूला करा आणि त्याचं तरुण चित्र तेवढं ठेवा. म्हाताऱ्या गायकाला मंचावर पाहून ज्यांना अवघडल्यासारखं होतं, त्यांनी हा पर्याय नीट बघावा.

तिसरी गोष्ट आजाराची, आणि इथे मला सर्वांत जास्त जपून बोलावंसं वाटतं. एप्रिल २०१४मध्ये सेंट लुईसला ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगचा कार्यक्रम होता. वय अठ्ठ्याऐंशी. मधुमेहाच्या औषधाची वेळ चुकलेली, त्याला धड वाजवता येईना, तो एकाच गाण्यात अडकून पडला. लोक ओरडले, काही उठून गेले. नंतर त्याच्या कार्यालयानं माफी मागितली. तरीही दौरे चालू राहिले आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोत तो आजारी पडला तेव्हाच ते थांबले. पुढच्या मेमध्ये तो गेला. त्या रात्री त्याच्या भोवती जी माणसं होती, त्यांच्यापैकी कुणी तरी ‘आज नको’ म्हणायला हवं होतं. एकट्या कलावंताभोवती सगळे पगारी असतात आणि पगारी माणूस हे म्हणत नाही. बँडचा मोठा फायदा इथेच आहे. बँडमध्ये तुमच्याइतकाच हक्क असलेला माणूस तुमच्या शेजारी उभा असतो.

एसी/डीसी या बँडचा गिटारवादक माल्कम यंग २००८ ते २०१०च्या दौऱ्यात स्मृतिभ्रंशानं ग्रासला होता. स्वतःच रचलेले रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, तो पुन्हा पुन्हा बसून शिकायचा, मग वाजवायचा. त्याला वाजवायचं होतं, धाकटा भाऊ अँगस शेजारी होता. २०१४मध्ये तो बाजूला झाला, जागा पुतण्यानं घेतली. त्या दौऱ्यात माल्कम पन्नाशीच्या मध्यावर होता. ऐंशीचा जॅगर मैदानभर धावतो आणि पंचावन्नचा माल्कम आपलंच गाणं विसरतो. यात वयाची सीमा कुठे आखणार? आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅक्ब्रेन याला जानेवारी २०२३मध्ये पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. काही महिन्यांत तो ड्रम्सवर परतला, पुढची दोन वर्षं दौरे केले आणि ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोत वाजवून त्यानं स्वतःहून दौऱ्यांतून निवृत्ती घेतली. बँड पुढे चालू आहे. कुणी कधी थांबायचं याचा याहून शहाणपणाचा दाखला मला माहीत नाही.

बसून गाण्यालाही लोक हसतात. फिल कॉलिन्सनं जेनेसिसचा शेवटचा दौरा खुर्चीत बसून गायला, ड्रम्सवर त्याचा मुलगा होता. ब्लॅक सबाथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न यानं ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, पार्किन्सन्सनं उभं राहता येत नसताना, सिंहासनावर बसून आपली गाणी म्हटली. त्या कार्यक्रमाची कमाई पार्किन्सन्ससाठी काम करणाऱ्या संस्थेला आणि मुलांच्या रुग्णालयाला व गंभीर आजारी मुलांच्या शुश्रूषागृहाला देण्याचं जाहीर झालं होतं. आवाज काही ठिकाणी हलला. पण गायचं होतं म्हणून तो आला होता, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. सतरा दिवसांनी तो गेला. आपल्याकडे गायक मांडी घालून बसल्याशिवाय गातच नाही, म्हणून खुर्चीची ही लाज मला तरी परकी वाटते.

म्हाताऱ्या बँडांविरुद्धचा एकच आक्षेप मला खरोखर भारी वाटतो: ते जागा अडवतात. मोठी मैदानं, महोत्सवांच्या मुख्य रात्री, प्रायोजकांचे पैसे, सगळं त्याच दहा-पंधरा नावांकडे जातं आणि नवे बँड ज्या लहान जागांत वाढतात त्या बंद पडत चालल्या आहेत. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात अशा १२५ जागा गेल्या, असं तिथल्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टनं सांगितलं. स्टोन्सचा पहिला कार्यक्रम १२ जुलै १९६२ला झाला तो लंडनच्या मार्की क्लबमध्ये, मग रिचमंडच्या एका हॉटेलमागच्या खोलीत ते आठवड्यामागून आठवडे वाजवत राहिले. आज विशीतल्या पोरांना ती खोली कुठून मिळणार?

पण यावर म्हाताऱ्यांना घरी बसवणं हा उपाय नाही. ते बसले तर त्यांचे प्रेक्षक त्या तिकिटाचे पैसे छोट्या क्लबात नेऊन देणार नाहीत. उपाय २०२४मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं सुचवला आहे: मैदानं आणि मोठ्या सभागृहांच्या प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम लहान जागांसाठी बाजूला काढायची. कोल्डप्लेनं २०२५च्या आपल्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांचा दहा टक्के वाटा द्यायचं कबूल केलं. जे बँड अशाच खोल्यांतून वर आले, त्यांनी तरी यात सर्वांत पुढे असायला हवं आणि त्यासाठी कायद्याची वाट बघू नये. शेकडो डॉलरच्या तिकिटातून एक-दोन डॉलर गेल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. त्याच बरोबर दौऱ्यात आधी वाजवायला त्या त्या गावातला नवा बँड घ्यावा आणि त्याला धड पाऊण तास आणि धड ध्वनियंत्रणा द्यावी. हे फुटकळ वाटेल, पण नव्या बँडला यातून जेवढं मिळतं तेवढं कुठल्याही स्पर्धेत मिळत नाही.

उरले आपण, ऐकणारे. डिसेंबर २०१९मध्ये आयरिश बँड यू-टू नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले, ते १९८७चा एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायला. तो दौराच तसा होता आणि गर्दी त्यासाठीच आली होती. कुठल्याही जुन्या बँडच्या कार्यक्रमात ‘आता एक नवं गाणं’ असं म्हटलं की काय होतं ते पाहावं. फोन खाली जातात, माणसं खाण्यापिण्याच्या रांगेकडे वळतात, शेजारी गप्पा सुरू होतात. मंचावरच्या माणसाला ते दिसतं. त्यानं आठ महिने बसून केलेलं गाणं असतं ते. पुढच्या दौऱ्यात तो ते वगळतो, मग आपणच म्हणतो, हे लोक पन्नास वर्षं तीच गाणी वाजवतात! त्यांनी आता थांबावं असं म्हणणारे आणि जुन्याशिवाय काही ऐकून न घेणारे बहुतेक वेळा एकच असतात.

या सगळ्याची परीक्षा पाहणारं एक उदाहरण आत्ताच समोर आहे. कॅनडाच्या रश या बँडचा ड्रमर नील पर्ट यानं २०१५मध्ये, शरीर आपल्याला हवं तसं वाजवू देत नाही म्हणून, दौरे थांबवले. १ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. जानेवारी २०२०मध्ये मेंदूच्या कर्करोगानं तो गेला. त्याच्याशिवाय रश नाही, असं सगळेच मानून चालले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसन यांनी, दोघंही सत्तरी ओलांडलेले, २०२६चा दौरा जाहीर केला. ड्रम्सवर जर्मनीची ॲनिका नीलेस. नीलच्या पत्नीनं आणि मुलीनं पाठिंबा दिला. काही जुने चाहते याला विटंबना म्हणतात. मी म्हणत नाही. नीलनं थांबायचं ठरवलं, तो त्याचा हक्क होता. या दोघांना एकमेकांसोबत वाजवायचं आहे, हा त्यांचा. ॲनिकानं नीलचा प्रत्येक ठोका जसाच्या तसा वाजवावा अशी अपेक्षा मात्र कुणी करू नये, आणि त्या दोघांनीही तिच्याकडून ती करू नये. ती तिच्या हातानं वाजवेल तेव्हा गाणी बदलतील, आणि तिघांनी मिळून एखादं नवं गाणं केलं तर मी ते आधी ऐकेन, बाकीची नंतर.